सल्ला हवा: तांबिन बासरीची ऑनलाइन बैठक, आवाज नीट कसा पोचवायचा?

वेळूबन (पुणे):
पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशातल्या फुता जालों पठारावरच्या तांबिनची, म्हणजे फुलानी लोकांच्या बासरीची, तासाभराची बैठक ठरली आहे. वादक गिनीची राजधानी कोनाक्रीहून झूमवर वाजवणार, इथे हॉलमध्ये आपली बासरी ऐकणारे श्रोते. चाचणीत सूर मधेच गायब होत होते आणि फुंकर फार ऐकू येत होती. माईक बदलायचा, की फुंकर साफ करायची?

सप्तकजोड:
माईक नका बदलू. झूमची गोंगाट गाळणारी सोय बोलण्यासाठी बेतलेली आहे. लांबलेला सूर आणि फुंकर तिला पंख्याची घरघर वाटते. वादकाकडे 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' सुरू करून 'हाय फिडेलिटी म्युझिक मोड' निवडा, इको कॅन्सलेशन (प्रतिध्वनी गाळणारी सोय) बंद ठेवा. मग वादकाने हेडफोन घालायलाच हवा, नाहीतर हॉलचा आवाज फिरून परत येईल. माईक ३०-४० सेंमीवर, फुंकरीच्या झोतात नको, थोडा वरून तिरपा. माईकच्या आवाजाची पातळी खालच्या सुरावर लावू नका, वरचे सूर फाटतील. सर्वांत जोरकस फुंकरीला उणे १२ डीबी पुरे.

तीनरंध्री:
फुंकर साफ तर अजिबात करू नका! तांबिनला बोटांची भोकं तीनच. बाकीचे स्वर फुंकरीचा जोर वाढवून वरच्या सप्तकांत उडवतात, आणि वाजवता वाजवता वादक बासरीतच गातो, शब्द उच्चारतो. ती घरघर आणि तो कंठ हेच तर या वादनाचं वैभव आहे. सुरुवातीलाच वादकाला एकच ओळ आधी साधी, मग कंठ मिसळून वाजवायला सांगा. श्रोत्यांना लगेच उमगेल. नळी बांबूची नाही, निमुळत्या वेलीची. तोंडाचं भोक चौकोनी, दोन्ही अंगांना पंखांसारखे उंचवटे.
पोस्टरवर 'आफ्रिकन बासरी' लिहू नका, 'तांबिन, गिनी' लिहा. घानाची आतेंतेबेन हे वेगळं वाद्य, बांबूचं, उभं धरून वाजवायचं.

वेळूबन:
श्रोत्यांना आधी काय ऐकवू?

तीनरंध्री:
बाइलो बाह आणि मामादी मानसारे, हे दोघे तांबिनवादक. एकट्या बासरीपासून सुरुवात करा. जेंबे (हाताने वाजवायचा ढोल) आली की कंठ झाकला जातो.

सप्तकजोड:
आणि दोन तुकडे आधीच मागवून ठेवा, वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. नेट तुटलं तर तेच वाजवता येतील. संध्याकाळी ७ म्हणजे कोनाक्रीत दुपारी दीड, जेवणाची वेळ आधी विचारा. बैठक यूट्यूबवर चढवायची असेल तर लेखी परवानगी घ्या आणि त्याचं मानधन बैठकीच्या मानधनात धरू नका, वेगळं ठरवा.