शंकासूर उंच वाढतोय, पण तुरा एकही नाही

अंगणवेल:
बियांपासून केलेला लाल-पिवळा शंकासूर दीड वर्षाचा झाला. कुंडी १२ इंची, उंची ५ फूट, पानं हिरवीगार, पण फूल नाही. ऊन सकाळचं तीनेक तास. दर १५ दिवसांनी अर्धा चमचा युरिया देतो. शिवाय शेंगेतल्या वाळक्या बिया पेरून महिना झाला, एकही उगवली नाही. कुठे चुकतंय?

मातीकाम:
युरिया आजच थांबवा. नत्र जास्त झालं की झाडाचा सगळा जोर पानांवर जातो. शेंगावर्गातलं असलं तरी याच्या मुळांवर हवेतलं नत्र बांधणाऱ्या गाठी सहसा धरत नाहीत, म्हणून खत हवंच, पण मोजकं: वाढीच्या दिवसांत महिन्याला दोन मुठी कुजलेलं शेणखत पुरे.

मुख्य अडचण उन्हाची आहे. तीन तासांवर शंकासूर जगतो, फुलायला किमान सहा तास थेट ऊन लागतं. आधी कुंडी हलवा, बाकीचं नंतर.

मग छाटणी. तुरा येतो तो नव्या फुटव्याच्या टोकाला. थंडी ओसरली की सगळ्या फांद्या दीड-दोन फुटांवर, डोळ्याच्या (जिथून नवा कोंब फुटतो त्या जागेच्या) जरा वर, तिरक्या कापा. काटे असतात, जाड हातमोजे घाला.

बीजराखी:
बियांचं कवच इतकं टणक असतं की पाणी आत शिरतच नाही. बीच्या डोळ्याची (जिथे ती शेंगेला चिकटलेली असते ती) बाजू सोडून दुसऱ्या कडेला सँडपेपर घासा, आतला फिकट रंग दिसला की थांबा. कोमट पाण्यात रात्रभर ठेवा. फुगलेल्या तेवढ्याच १ सेंटिमीटर खोल पेरा, न फुगलेल्या परत घासा. उबदार हवेत आठ-पंधरा दिवसांत कोंब दिसतो. पिशवीत किंवा उंच कपात एकेक बी लावा, कारण सोटमूळ लवकर खाली जातं आणि उपटून लावलेलं रोप रुसतं. बिया विषारी आहेत, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

अंगणवेल:
कुंडी मोठी करून लगेच छाटू का?

मातीकाम:
दोन्ही एकदम नको. मुळं आणि शेंडे एकाच वेळी दुखावले तर फांद्या वरून वाळत येतात. आधी १६ इंची कुंडी, मातीचा गोळा न फोडता. दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग जाड वाळू. नवी पालवी दिसली की छाटा. पाणी वरची दोन बोटं माती सुकल्यावरच. पाणी साचलं की खालची पानं पिवळी पडून गळतात, आणि तहान समजून लोक आणखी पाणी घालतात.

बीजराखी:
एक राहिलं. फुलं गळताच तुऱ्याचा दांडा कापा. शेंगा पोसायला लागल्या की पुढचा बहर रोडावतो. बियांसाठी दोन-तीन शेंगा ठेवा, पण तपकिरी होताच जाळीच्या पिशवीत बांधा. वाळल्यावर त्या पीळ घेऊन फुटतात आणि बिया लांब उडतात.