वर्ण लपवून जगणाऱ्यांवरच्या अमेरिकन कादंबऱ्या: सुरुवात कुठून करू?

सायली_वाचते: नमस्कार मंडळी. 'पासिंग' हा २०२१ चा सिनेमा पाहिला आणि विषय डोक्यातून जाईना. नेला लार्सनची मूळ कादंबरी (१९२९) मागवली आहे. अजून काय वाचू? प्रेमकथा चालेल, पण नुसती रडारड नको, पैसा-प्रतिष्ठेचं गणितही दिसायला हवं. इंग्रजी बेताचं आहे. शेवट फोडू नका.

रात्रपाळी: चार्ल्स चेस्नट, 'द हाउस बिहाइंड द सीडर्स', १९००. डोळे झाकून घ्या.

यादवी युद्ध नुकतंच संपलंय. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका गावात मिश्र वंशाची मॉली वॉल्डन राहते. तिची मुलं दिसायला पूर्ण गोरी. थोरला जॉन लहानपणीच ठरवतो, वकील व्हायचं. गावातले वृद्ध न्यायाधीश त्याला समजावतात की इथे जमणार नाही, आणि मग साउथ कॅरोलायनाचा एक जुना निवाडा काढून दाखवतात: माणूस गोरा की काळा हे निव्वळ रक्तावर ठरत नाही, समाजात त्याला काय म्हणून वागवतात तेही बघायचं. झालं, पोरगं सीमा ओलांडतं, आडनाव बदलतं, गोऱ्या मळेवाल्याची मुलगी करतं. बायको वारल्यावर बहीण रीनाला घेऊन जातो आणि तिथे जॉर्ज ट्रायन तिच्या प्रेमात पडतो.

आता गंमत बघा. जॉनकडे मळा आणि वकिली आहे, त्याला कुणी कूळ विचारत नाही. रीनाची पत भावावर उभी. ट्रायनला खरं सांगू का म्हणून ती झुरते, भाऊ म्हणतो काही गरज नाही. आणि आई? मॉली स्वतः शेजारच्या काळ्या फ्रँकला खालचा समजते, आणि सगळ्या पुस्तकात धड माणूस म्हणावा तर तोच.

पानगळ: जरा थांबा. योगायोग किती! रीना आणि ट्रायन नेमके एकाच वेळी मॉलीच्या गावात, नेमकं औषधाच्या दुकानाशीच तोंडावर तोंड. लार्सन यापेक्षा शंभर पटीने चांगली लिहिते.

रात्रपाळी: योगायोगाचं मान्य. पण तो दुकानासमोरचा प्रसंग पुन्हा वाचा. ट्रायनच्या शेजारी बसलेला डॉक्टर सहज रीनाकडे बोट दाखवतो, ट्रायन वळून बघतो. तो एक शब्द बोलत नाही. रीनाला त्याच्या चेहऱ्यावरच सगळं कळतं आणि ती कोसळते. बरं, हाच गडी आधी घोड्यांच्या स्पर्धेत तिचा रुमाल भाल्याच्या टोकावर झेलून तिला राणी निवडतो! सरदारकीचं सगळं सोंग तेवढ्यात गळून पडतं. मला ट्रायनचा रागही येतो आणि कीवही, आणि हे चेस्नटने मुद्दाम केलंय.

तिसरा_मजला: चेस्नट स्वतः गोरा म्हणून सहज खपला असता, तरी त्याने लपवलं नाही. कोर्टात लघुलेखक होता, वकिलीची परीक्षाही पास. म्हणून ते निवाड्याचं प्रकरण इतकं पक्कं उतरलंय.

सायलीताई, हे वाचाल तेव्हा बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) शेजारी ठेवाच. तिथे रेल्वेतली नोकरी आणि भाड्याची खोली, इथे मळा आणि मेजवानी. पण कधी उघडकीला येईल ही धास्ती तीच. बागुलांकडे प्रेमकथेची उसंतच नाही.

पानगळ: याला +१. जेम्स वेल्डन जॉन्सनचंही घ्या, 'एक्स-कलर्ड मॅन'चं आत्मचरित्र, १९१२. नाव आत्मचरित्र, आहे कादंबरी, आणि आली तेव्हा लेखकाचं नावही नव्हतं. इंग्रजी सोपं.

सायली_वाचते: चेस्नट 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' या पुस्तकांच्या साइटवर फुकट मिळाली, उतरवली. दोन प्रकरणं झाली. मॉलीचं बोलणं मात्र डोक्यावरून जातंय, स्पेलिंगच भलतं!

रात्रपाळी: ते मोठ्याने वाचा, कानाला लगेच कळतं.