'मॉबिंग'ला मराठीत काय म्हणायचं?

रामबाग, इंदूर:
एका समुपदेशक बाईंच्या इंग्रजी पत्रकाचं मराठी करते आहे. विषय मॉबिंग, म्हणजे नोकरीच्या जागी अनेकांनी मिळून एकाच माणसाला छळणं. मी 'झुंडशाही' लिहिलं. पुण्याच्या वन्संनी ते खोडून 'सामूहिक छळ' केलं. झुंडशाही चुकलंच, कारण झुंड आरडाओरडा करते, आणि माझ्या बाबतीत कुणी आवाजही चढवला नव्हता. आधीच्या ऑफिसात रोज अकराला पोहे यायचे, वर शेव आणि जिरावन मसाला. एक दिवस पुडा एक कमी आला. मग रोजच. मी गेले की बोलणं थांबायचं, बैठकीची वेळ मी सोडून सगळ्यांना ठाऊक असायची, आणि विचारलं की उत्तर ठरलेलं, "तुलाच तसं वाटतं." आठ महिने हे चाललं. आईला सांगायला गेले तर ती म्हणाली, "भांडण झालं का कुणाशी?" भांडण झालंच नव्हतं. 'सामूहिक छळ' म्हटलं असतं तर ती मला घेऊन पोलिसांत गेली असती. आईला एका दमात कळेल असा शब्द हवा.

लष्कर, ग्वाल्हेर:
ताई, 'वाळीत टाकणे' असताना नवा शब्द कशाला? वाळणे म्हणजे सुकणे. माणसाचा ओलावा तोडला की तो वाळतो. आमची आजी असंच सांगायची.

मुक्काम पुणे:
आजीचं चित्र सुंदर आहे, पण हा वाळणे वेगळा. जुन्या मराठीत वाळणे म्हणजे टाकणे, बहिष्कृत करणे. तुकोबांच्या गौळणीत 'वाळो जन मज' आहे, तिथे सुकण्याचा संबंध नाही.

रामबाग, इंदूर:
'वाळो जन मज' वाचून गलबलून आलं. पण वाळीत टाकणं जाहीर असतं. पंच बसतात, गावाला कळतं, ज्याला टाकलं त्यालाही कळतं. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६चा कायदा झाला तो त्यामुळेच शक्य झाला, बहिष्कार दाखवता येतो. इथे कुणी काही ठरवलंय हेच कुणी कबूल करत नाही.

सयाजीगंज, बडोदे:
मूळ शब्दाकडे जाऊ. प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक कोनराड लोरेंझ पक्ष्यांबद्दल लिहीत होते: लहान पक्षी जमून शिकारी पक्ष्याला हुसकावतात. स्वीडनमध्ये तो शब्द आधी शाळकरी मुलांना लागला, मग १९८०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ हाइन्झ लेमन यांनी नोकरीच्या जागी आणला. त्यांची कसोटी होती आठवड्यातून निदान एकदा आणि निदान सहा महिने. एखाद्या दिवशीचं तुसडेपण त्यात धरत नाहीत. अशा ४५ वागणुकींची यादीच त्यांनी केली होती. घुबडावर कावळे तुटून पडताना आपणही पाहतो. म्हणून 'टोचणी' कसा वाटतो?

मुक्काम पुणे:
टोचणी मनाला लागते, आणि ज्याने चूक केली त्याला लागते. इथे नेमकं उलट होईल.

रामबाग, इंदूर:
उलट होईल कसं, झालंच होतं! सहा महिने टोचणी मलाच होती. माझंच काय चुकलं, हेच शोधत बसले.

सयाजीगंज, बडोदे:
मग 'टोचाटोची'?

मुक्काम पुणे:
नको. मारामारी, ओढाओढी, टोचाटोची, यांत दोन्ही बाजू येतात. वरिष्ठ हेच तर म्हणतात, "तुमच्या आपसातलं आहे, मिटवा."

लष्कर, ग्वाल्हेर:
कंपूगिरी! कंपू आमच्या गावचा शब्द. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणींना कंपू म्हणत, ग्वाल्हेरात कंपू नावाचा भाग आजही आहे.

मुक्काम पुणे:
म्हणजे परकाच शब्द, कॅम्प. मग थेट 'मॉबिंग'च लिहा की. मराठी पत्रकात मराठी शब्द असावा एवढाच माझा आग्रह आहे.

लष्कर, ग्वाल्हेर:
दोनशे वर्षं मुरलेला शब्द परका कसा? तुमचं टेबल, पगार, खुर्ची कुठून आले?

सयाजीगंज, बडोदे:
कंपूत गट दिसतो, पण ज्याला घेरलंय तो दिसत नाही, माझी अडचण ती आहे. ताई, शब्द ठरेल तेव्हा ठरेल, पत्रकात एक मात्र ठळक लिहा: रोज रात्री तारीख, वेळ, कोण हजर होतं, नेमकं काय बोललं गेलं, हे घरच्या वहीत टिपायचं. ऑफिसच्या संगणकावर नाही. आपला २०१३चा कायदा स्त्रियांच्या लैंगिक छळापुरता आहे, याला वेगळा कायदा नाही, तेव्हा हाताशी असते ती वहीच. आणि रागाच्या भरात राजीनामा लिहायचा नाही.

रामबाग, इंदूर:
मी वही ठेवली होती. पहिल्या पानावर 'पोहे' एवढंच आहे, पुढे तारीख. तिथे कामाला येणाऱ्या मावशींनी एक दिवस आपल्या डब्यातली अर्धी पोळी माझ्यापुढे ठेवली, तेही लिहिलंय. त्या दिवसानंतर मला झोप लागायला लागली.

लष्कर, ग्वाल्हेर:
त्या मावशींनी जे केलं त्याला आमच्याकडे 'पंगतीला घेणे' म्हणतात. वाळीतून परत घेतलेल्याला पंगतीला बसवत. मग वाळीत शब्द चूक कसा?

मुक्काम पुणे:
पंगतीला घेणे जातीने घेणे. एकट्या मावशींनी घेतलं तर ते चालतं का?

रामबाग, इंदूर:
मला चाललं.