बंद लॅबमध्ये खोटं इंटरनेट उभं करायचंय, सुरुवात कुठून करू?

धनकवडीचा_पोरगा
नमस्कार मंडळी, कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुण्यातच. आमचा चौघांचा ग्रुप आहे, प्रोजेक्ट घेतलाय छोटी सायबर रेंज, म्हणजे एक टीम हल्ला करणार आणि दुसरी बचाव, सैन्यात ट्रेनिंगला वापरतात तसलं. गाइड मॅडमची एकच अट आहे, लॅबच्या बाहेर डेटाचं एकही पॅकेट जाता कामा नये. आम्ही चार-पाच व्हीएम (पीसीच्या आत चालणारे आभासी कॉम्प्युटर) एका स्विचवर टाकल्या, एकात काली लिनक्स (हल्ल्याची टूल्स भरलेलं), दोनात विंडोज, एकात मुद्दाम कच्चं ठेवलेलं वेब अ‍ॅप, आणि वाटलं झालं काम. पण रिव्ह्यूला मॅडम म्हणाल्या ही रेंज नाही, हा नुसता लॅन, म्हणजे एका खोलीतलं नेटवर्क आहे, हल्ला करणारा शेजारच्या बाकावरून येतो का कधी, तुमच्यात इंटरनेट कुठाय? आता बाहेर जोडायचं नाही आणि आत इंटरनेट पाहिजे, हे करतात कसं? लॅबचा एक ३२ जीबी रॅमचा पीसी आहे आणि आमचे लॅपटॉप. बजेट शून्यच समजा.

बाणेरचा_बीजीपीवाला
मॅडमना माझा नमस्कार सांग, अगदी बरोबर बोलल्यात. इंटरनेट म्हणजे शेवटी हजारो वेगवेगळी नेटवर्कं, प्रत्येकाचा मालक वेगळा, आणि ती बीजीपी नावाच्या प्रोटोकॉलवरून एकमेकांना सांगत बसतात की हे हे पत्ते माझ्याकडून जातात. एवढं आतल्या आत उभं केलंस की ट्रेसराउट (वाटेतले राउटर दाखवणारी कमांड) मारल्यावर एका उडीत टार्गेट दिसणार नाही, पाच-सात राउटर मधे दिसतील, आणि टीसी-नेटेमने (लिंक मुद्दाम संथ करणारं लिनक्सचं टूल) मधल्या लिंकवर थोडे मिलिसेकंद वाढवलेस की पिंगसुद्धा परदेशातून आल्यासारखा वाटेल.

शून्यातून लिहू नकोस. अमेरिकेत सिराक्यूज युनिव्हर्सिटीत सीड एम्युलेटर नावाचं ओपन सोर्स काम झालंय, पायथनमध्ये लिहायचं की ही एवढी नेटवर्कं, हे एक्स्चेंज पॉइंट (नेटवर्कं एकमेकांना जोडायची जागा), हा डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा), आणि ते त्याचे डॉकर कंटेनर (व्हीएमपेक्षा हलके डबे) बनवून देतं. ब्राउझरमध्ये नकाशा पण दिसतो, रिव्ह्यूला दाखवायला बरं. व्हीएमऐवजी कंटेनर असल्यामुळे ३२ जीबीत आरामात बसेल, एक राउटर असं खातो तरी किती.

आणि डेमो पाहिजे असेल तर २००८ च्या फेब्रुवारीतला यूट्यूबचा प्रकार करून दाखव. पाकिस्तान टेलिकॉमला यूट्यूब फक्त देशातल्या देशात बंद करायचं होतं, पण त्यांनी २०८.६५.१५३.० चा स्लॅश २४ रूट (स्लॅशपुढचा आकडा मोठा तितका पत्त्यांचा गट छोटा) जाहीर केला तो बाहेर पडला, आणि यूट्यूबचा स्वतःचा रूट स्लॅश २२ चा असल्यामुळे जगभरच्या राउटरांनी जास्त नेमका तो खरा धरला, तासा-दोन तासांसाठी यूट्यूब गायब. हे साध्या लॅनवर दाखवताच येत नाही.

शंकासुर_कोथरूड
एवढा खटाटोप कशाला राव? ट्रायहॅकमी, हॅक द बॉक्स, हॅकिंगच्या सरावाच्या साइट्स सगळ्या तयार आहेत, चार मशीन फोडा, रिपोर्ट लिहा, मार्क घ्या. परीक्षकाला बीजीपीचा ब तरी कळणारे का.

निवृत्त_सिग्नल_वानवडी
शंकासुर, तुम्ही म्हणता ते कुलूप फोडायची प्रॅक्टिस झाली, एका माणसाची. सैन्याला पाहिजे असतो तो सराव वेगळा असतो, अख्खी टीम, ड्यूटी चालू, फोन वाजतायत, वरिष्ठ रिपोर्ट मागतायत आणि त्यात कुठेतरी कोणीतरी आत शिरलंय. नाटोचं सायबर केंद्र एस्टोनियात टालिनला आहे, तिथे २०१० पासून लॉक्ड शील्ड्स नावाचा सराव चालतो. बेरिलिया नावाचा काल्पनिक देश, त्याच्या वीज, पाणी, लष्करी यंत्रणांवर हल्ला होतो आणि देशोदेशीच्या ब्लू टीम, म्हणजे बचाव करणाऱ्या, त्या सांभाळतात. मार्क नुसते सर्व्हर वाचवल्याचे नसतात, पत्रकारांना काय उत्तर दिलं, कायद्याचा सल्ला काय दिला, तेही मोजतात. आपल्याकडे एप्रिल २०२२ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या सचिवालयाने सायबर सराव घेतला, त्याला ट्रेनिंगचा प्लॅटफॉर्म एस्टोनियाच्याच कंपनीचा होता. २००७ मध्ये त्या एवढ्याशा देशाच्या बँका, वर्तमानपत्रं, सरकारी साइट्स हल्ल्यात बंद पडल्या होत्या, तेव्हापासून त्यांनी हा विषय मनावर घेतला.

आता बाळा तुझ्यासाठी. राउटर वगैरे बाणेरवाल्यांनी सांगितलं ते करच, पण ते सोपं आहे. अवघड आहेत ती माणसं. रिकाम्या नेटवर्कवर हल्ला केलास तर लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदींत, जे काही दिसेल तो हल्लाच असणार, कारण दुसरं काही घडतच नाहीये. अंधाऱ्या मैदानात एकच टॉर्च, ती शोधायला कसलं ट्रेनिंग? खऱ्या ऑफिसात सकाळी साडेनऊला सगळे लॉगिन होतात, दोघं पासवर्ड चुकवतात, कोणी क्रिकेटचा स्कोअर बघतो, कोणी पन्नास एमबीची एक्सेल सगळ्यांना मेल करतो. त्या गडबडीत चुकलेला एक लॉगिन संशयास्पद आहे की देशपांडे बाई सुट्टीवरून आल्यात, हे ओळखायला शिकवायचं असतं.

कार्नेगी मेलनच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने यासाठी घोस्ट्स म्हणून फ्रेमवर्क काढलंय, २०१८ मध्ये त्याचा रिपोर्ट आला, सोर्स खुला आहे. प्रत्येक व्हीएमवर एक क्लायंट बसतो, टाइमलाइनची फाइल द्यायची, मग तो खरा ब्राउझर उघडून साइट्स बघतो, डॉक्युमेंट बनवतो, कमांड चालवतो. त्याच लोकांचं टॉपजेन म्हणून आहे, खऱ्या साइट्सच्या पानांच्या नकला आणि डीएनएस एकाच मशीनवरून देतं, आणि ग्रेबॉक्स म्हणून आहे ते मधला राउटरांचा कणा उभा करतं. तिन्ही बघून घे, पण वेळ कमी असेल तर वेळ घोस्ट्सवर घाल.

धनकवडीचा_पोरगा
काका खूप खूप धन्यवाद, हे माणसांचं डोक्यातच आलं नव्हतं. दोन शंका आहेत. खोट्या साइट्सना ब्राउझर सर्टिफिकेटची (साइट खरी असल्याच्या दाखल्याची) बोंब मारणार ना? आणि आत पत्ते कुठले द्यायचे, घरगुती नेटवर्कचे असतात ते १९२.१६८ वालेच? ते दिले तर परत लॅनच दिसणार.

लॉगवाली_हिंजवडी
सर्टिफिकेटचं सोपंय, स्वतःची सर्टिफिकेट अथॉरिटी (दाखले देणारी संस्था) बनवा आणि तिचं मूळ सर्टिफिकेट सगळ्या व्हीएममध्ये विश्वासू म्हणून टाका. लिनक्सवरचा फायरफॉक्स मात्र स्वतःचा वेगळा साठा ठेवतो, त्यात परत टाकावं लागतं, आणि हे इमेज बनवतानाच करा, नंतर एकेक मशीन उघडत बसू नका. विंडोज चालू झाल्यावर मायक्रोसॉफ्टच्या ठरलेल्या पत्त्यावरून एक छोटी टेक्स्ट फाइल मागतं, ती मिळाली नाही की खाली नो इंटरनेट दाखवतं, तर ती फाइल पण तुमच्या खोट्या सर्व्हरवरून द्या, लगेच सगळं खरं वाटायला लागतं.

सगळे विसरतात ती गोष्ट म्हणजे वेळ. बंद लॅबमध्ये एनटीपी (सगळ्या मशीनची घड्याळं जुळवणारा) नसतो, मशीनची घड्याळं हळूहळू सरकतात आणि मग फायरवॉलचा लॉग म्हणतो हल्ला ११ वाजून ४ मिनिटांनी, सर्व्हर म्हणतो १० वाजून ५८, आणि ब्लू टीम तासभर भांडते की आधी काय झालं. एक एनटीपी सर्व्हर आत ठेवाच.

पत्त्यांबद्दल, बंद रेंजमध्ये खरे पब्लिक पत्ते वापरतात लोक, बाहेर काही जोडलेलंच नसतं म्हणून चालतं. पण तुमच्याकडे लॅपटॉप आहेत, आणि लॅपटॉपला वायफाय असतं! कोणीतरी जेवायच्या सुट्टीत मोबाइलचा हॉटस्पॉट लावणार, डिफॉल्ट रूट (बाहेर जायचा नेहमीचा रस्ता) बदलणार, आणि तुमचा स्कॅन खोट्या बँकेवर न जाता त्याच पत्त्याच्या खऱ्या मालकावर जाणार. ते आयटी अ‍ॅक्टच्या कलम ४३ आणि ६६ मध्ये बसू शकतं, शिक्षा ३ वर्षांपर्यंत आहे, प्रोजेक्ट होता म्हणून कोणी सोडत नाही. म्हणून विद्यार्थ्यांनी १९८.१८ पासूनचा स्लॅश १५ वापरावा असं माझं मत, तो टेस्टिंगसाठीच राखून ठेवलाय, दिसायला पब्लिक दिसतो, आणि एक लाख एकतीस हजारांवर पत्ते मिळतात.

शंकासुर_कोथरूड
बरं बाबा, टॉर्चवालं पटलं. पण ३२ जीबीत विंडोजची किती माणसं नाचवणार हे?

निवृत्त_सिग्नल_वानवडी
विंडोजची दोन-तीनच ठेवायची, ज्यांच्यावर हल्ला होणार तेवढीच. बाकीची गर्दी लिनक्सवर, घोस्ट्स तिथेही चालतं. आणि पोरा, टाइमलाइन सगळ्यांची सारखी ठेवू नकोस, दर दहा मिनिटांनी ठोक्याला मेल पाठवणारा कारकून कुठल्याच ऑफिसात नसतो, ब्लू टीमने ते पहिल्या तासात ओळखलं तर गर्दी गाळून टाकतील. आधी चार माणसं नीट बनव आणि मॅडमना दाखव.

धनकवडीचा_पोरगा
ओके काका. लॅपटॉपची वायफाय कार्डं बायोसमधूनच बंद करतोय, सीड आज रात्री टाकून बघतो, अडलो तर इथेच विचारीन.