मिलिटरी विमानांचं बोलणं एसडीआरवर ऐकता येतं का?

गच्चीवरचा_रेडिओ: जुळे सोलापूरला राहतो. मागच्या आठवड्यात संध्याकाळी गच्चीवर होतो तर दोन जेट गेली, आवाज आला तोवर पार पुढं निघून गेलेली. तेव्हापासून डोक्यात हेच आहे. आरटीएल एसडीआर डोंगल (लॅपटॉपला लावून त्याचा रेडिओ करणारी छोटी यूएसबी काडी) घेतलाय, लॅपटॉपवर २२५ ते ४०० मेगाहर्ट्झ चाळतोय पण नुसती खरखर. एकदा स्क्रीनवर बारीक उभी रेघ दिसली, क्लिक करेपर्यंत गायब. माझं काय चुकतंय?

पत्र्यावरची_तार: तू एफएम मोडवर असणार बघ. विमानांचं बोलणं एएमवर चालतं, प्रवासी विमानं ११८ ते १३७ अन मिलिटरीचं बरंचसं तू म्हणतोस त्या पट्ट्यात. एएम का, तर दोघं एकदम बोलले तरी कमजोर सिग्नल पूर्ण दाबला जात नाही, शिट्टीसारखा आवाज येतो अन कंट्रोलरला कळतं की मागं अजून कुणीतरी आहे. एफएममध्ये जोरातला एकटाच ऐकू येतो. दुसरं म्हणजे हे सिग्नल सरळ रेषेत जातात. १० हजार मीटरवरचं विमान ४०० किमीवरूनही पोचतं पण बिदरच्या एअरबेसवर धावपट्टीवर उभं असलेलं नाही पोचणार, मधे जमिनीचा बाक येतो. अन महत्त्वाचं बोलणं एन्क्रिप्टेड, म्हणजे गुप्त कोडमध्ये असतं, ते खरखरच वाटणार.

जुना_हॅम: दोघांनाही कळकळीनं सांगतो, हे इथंच थांबवा. परदेशातले व्हिडिओ बघून पोरं यात पडतात, पण काही देशांत चालतं ते आपल्याकडं चालत नाही. १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून लायसन्सशिवाय असला सेट बाळगण्यावरच बंधन आहे, २०२३ च्या नव्या टेलिकॉम कायद्यातही दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकणं गुन्हाच. त्यात हे हवाई दलाचं. वर कोण कुठं चाललंय हे चार लोकांना कळणं बरं नाही. चुकून कानावर पडलंच तर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकू नको बाबा.

तुझी ओढ मात्र खरी आहे, ती सोडू नको. हॅमची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या लायसन्सची परीक्षा दे, १२ वर्षांपुढचं कुणीही देऊ शकतं. १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हॅमवाले सेट घेऊन तिथं गेले होते, निरोप पोचवायला. त्या पहाटे सोलापुरातही घरं हलली होती, आमच्या आईनं आम्हाला झोपेतून ओढून अंगणात आणलेलं, अजून आठवतंय.

लायसन्स आलं की १४५.८०० मेगाहर्ट्झ लाव, एफएमवर. इंटरनॅशनल स्पेस स्टेशनमधले अंतराळवीर शाळेतल्या पोरांशी बोलतात ते तिथं येतं. ५१ सेंटिमीटरची तार उभी केली तरी पुरते. डोक्यावरून जातं तेव्हा दहाएक मिनिटं मिळतात, येताना फ्रिक्वेन्सी जरा वर लागते अन जाताना खाली सरकते, ते स्क्रीनवर तिरकं उतरताना बघ एकदा.

गच्चीवरचा_रेडिओ: काका, कायद्याचं खरंच माहीत नव्हतं. डोंगल काढून डब्यात ठेवला. परीक्षेला मोर्स (टिंब-रेघांची संकेतलिपी) यावाच लागतो का?

जुना_हॅम: लायसन्सच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला नाही लागत, वरच्या जनरलला लागतो. आधी रिस्ट्रिक्टेड दे.