मदत हवी आहे: गटाच्या ऑनलाइन फाइलवर सगळ्याच मुलांना लिहितं कसं करावं?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात पदवीच्या मुलांना उद्योजकता शिकवते. वर्गात शहरातली, खानापूर तालुक्यातली, निपाणी-अथणीकडची अशी सगळीकडची मुलं आहेत. बऱ्याच घरांत धंदा आहेच. कुणाचा वडगावात माग, कुणाचं उद्यमबागेत वर्कशॉप, कुणाच्या घरी चपला बनतात. म्हणून नुसतं पुस्तक वाचून दाखवणं मला पटत नाही. पाच-पाच जणांचे गट करून प्रत्येक गटाला एक गुगल शीट दिलंय. त्यात ऑस्टरवाल्डर यांचा 9 चौकटींचा बिझनेस मॉडेल कॅनव्हास आखलाय: गिऱ्हाईक कोण, त्याला काय देणार, पैसे कुठून येणार, खर्च कशावर, वगैरे. तो गटानं मिळून भरायचा.

अडचण अशी की भरतो एकच जण. ज्याच्याकडे लॅपटॉप आहे आणि ज्याचं इंग्रजी बरं आहे, तो. बाकीचे फाइल उघडून बघत बसतात.

परवा साड्यांच्या गटाचं शीट तपासत होते. खर्चाच्या चौकटीत सूत, वीजबिल, मागाची दुरुस्ती, विणकराची मजुरी, संपलं. त्या गटात वडगावच्या विणकराची मुलगी आहे, वर्गात फारशी बोलत नाही. तिला विचारलं, "घरी आणखी कोण काम करतं गं?" म्हणाली, "मॅडम, मागासाठी सुताच्या कांड्या आई भरते. सकाळी स्वयंपाकाच्या आधी आणि परत दुपारी. त्याचे वेगळे पैसे नसतात." साडीच्या किमतीतला एक अख्खा खर्च तिला ठाऊक, आणि शीटवर त्याचा पत्ता नाही! बाहेरून मजूर लावला तर हा धंदा परवडेल का, हा खरा प्रश्न तिथून सुरू होतो. तो तिच्याच हातून शीटवर यायला हवा, असं मला फार वाटतं.

त्यात कणकुंबी-जांबोटीकडच्या मुलांना पावसाळ्यात रेंज नसते. आणि गुण सगळ्या गटाला सारखे द्यायचे तर गप्प बसणाऱ्याचं फावतं, राबणाऱ्यावर अन्याय होतो. मिरो, म्हणजे सगळ्यांनी मिळून चिठ्ठ्या चिकटवायचा ऑनलाइन फळा, वापरून पाहावं का? बहुतेकांकडे फोनच आहेत.

आणखी एक मनात आहे. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन (जीआय) महाराष्ट्रातले 4 आणि कर्नाटकातले 4 अशा 8 जिल्ह्यांना मिळून आहे, बेळगाव त्यात आहे. तर आमचा चपलांचा गट आणि कोल्हापूरच्या एखाद्या कॉलेजचा गट यांनी एकाच फाइलवर काम करावं. असं कुणी केलंय का?

प्रतिसाद

मॅडम, मी निपाणीजवळ शिकवतो, आमच्याकडेही हेच होतं. मिरो सध्या राहू द्या. फोनच्या पडद्यावर चिठ्ठ्या सरकवताना मुलं वैतागतात, आणि फुकटात 3च बोर्ड वापरता येतात. शीटच बरं.

प्रत्येक मुलाला त्याच शीटमध्ये स्वतःचं वेगळं पान द्या. आधी प्रत्येकानं घरी विचारून आपल्या पानावर लिहायचं, मराठीत किंवा कन्नडमध्ये. टायपिंग जमत नसेल तर गुगलच्या कीबोर्डवर बोलून लिहिता येतं, दोन्ही भाषांत. सगळ्यांची पानं भरल्याशिवाय गटाच्या कॅनव्हासला हात लावायचा नाही. इंग्रजी शेवटी.

गुणांसाठी फाइलचा मागचा इतिहास कंप्युटरवर उघडा, कुणी कधी काय लिहिलं ते दिसतं. मात्र लिंक सगळ्यांना खुली ठेवू नका. मुलं लॉगिन न करता आली तर नावाऐवजी 'अनामिक' दिसतं. प्रत्येकाच्या ईमेलवर परवानगी द्या.

कणकुंबीच्या मुलांना सांगा, कॉलेजात रेंज असतानाच फोनमधल्या शीट्स अॅपमध्ये ती फाइल 'ऑफलाइन' करून ठेवा. घरी लिहिलेलं रेंज आली की आपोआप चढतं. दोघांनी एकाच चौकटीत लिहिलं तर मात्र गोंधळ होतो, म्हणूनही पानं वेगळी हवीत.

कोल्हापूरचं माझ्या डोक्यातही आहे. तुमच्या गटानं अथणीच्या कारागिरांकडून कातडं आणि मजुरीचा हिशेब आणावा, तिकडच्या गटानं दुकानातला विक्रीचा भाव. व्यक्तिगत निरोप पाठवतो, पुढच्या सत्राआधी बोलू.