मदत हवी आहे: शॉर्टफिल्मचं पोस्टर भुताच्या पिक्चरचं वाटायलंय, शुक्रवारपर्यंत पाहिजे

सेलूकर:
आमची १८ मिनिटांची शॉर्टफिल्म आहे, सायकॉलॉजिकल थ्रिलर. नाव 'निर्जळी'. पोस्टर मीच करायलोय. काळं बॅकग्राउंड, लाल अक्षरं, मधे हिरॉईनचा अर्धा चेहरा. ज्याला दाखवावं तो विचारतो, भुताची आहे का? भूतबीत काही नाही त्यात. वरून नावाची अक्षरं फुटायलीत. शुक्रवारी स्क्रीनिंग आहे, छापायला एक दिवस जातो. काय बदलू ते लवकर सांगा.

मृण्मयी_लातूर:
गोष्ट काय आहे? साइज किती? कशात करताय? अक्षरं फुटतात म्हणजे धूसर होतात की मोडतात?

फ्लेक्सवाला_जालना:
भाऊ, लाल सोडू नका. लालला पिवळी आउटलाइन मारा, चौकातून दिसतं. दहा वर्षं छापतोय, गिऱ्हाईक लाल-पिवळंच मागतं.

निळी_शाई:
पिवळी आउटलाइन वाढदिवसाच्या बॅनरला ठीक आहे, इथं नको. आणि काळ्यावरचं लाल मोबाईलवर बारीक झालं की काळ्यातच बुडतं. पोस्टर ग्रे करून बघा, नाव वाचता येतंय का ते लगेच कळेल.

सेलूकर:
फोटोशॉप. साइज २४ बाय ३६ इंच. नावात 'नि'ची वेलांटी न च्या आधी यायची ती नंतर यायलीय आणि रफार सुटून र चा पाय मोडलेला दिसतोय. गोष्ट सांगितली तर मजा जाईल.

गोदाकाठ:
हे सोपंय. एडिट, प्रेफरन्सेस, टाइप. तिथं टेक्स्ट इंजिन 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' करा, काही व्हर्जनला 'वर्ल्ड-रेडी लेआउट' असं लिहिलेलं असतं. फोटोशॉप बंद करून परत उघडा. मग पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतही वर्ल्ड-रेडी निवडा. फॉन्ट युनिकोड घ्या, मुक्ता किंवा बलू. दोन्ही फुकट आहेत.

फ्लेक्सवाला_जालना:
श्रीलिपी सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून अक्षरांचे नुसते आकार करून घ्या, कुठंच मोडत नाही. आमचं सगळं त्यातच चालतं.

गोदाकाठ:
चालतं, पण नंतर नावात एक अक्षर बदलायचं झालं की पुन्हा पहिल्यापासून. त्याच्याकडं वेळ नाही हो.

मृण्मयी_लातूर:
सेलूकर, शेवट नका सांगू. पण बाई कोण, करते काय, एवढं तरी सांगा. त्याशिवाय पोस्टरचं काय बोलणार?

सेलूकर:
गावातली म्हातारी बाई आहे. मावशीनंच काम केलंय. पोरगा गेलाय, पण ती रोज रात्री दोन ताटं वाढते. तो जेवल्याशिवाय पाणी पीत नाही. तो खरंच येतो का, हे शेवटपर्यंत कळत नाही. घराशेजारी कोरडी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर आहे, थोडं शूटिंग तिथं केलंय.

बारवप्रेमी:
कोणती बारव? वालूरची का? आपल्या सेलू तालुक्यातच आहे, पायऱ्या गोल गोल फिरत खाली जातात. वरून फोटो काढा, तेच पोस्टर. तिथं जोडे घालून उतरला नसाल अशी आशा आहे.

सेलूकर:
वालूरची नाही, शेतातली साधी आहे. जोडे काढले होते.

निळी_शाई:
गोल फिरणाऱ्या पायऱ्या नकोच. मनाचा पिक्चर म्हटलं की सगळे भोवराच काढतात. तुमचं पोस्टर तुम्ही लिहूनच टाकलंय: दोन ताटं. रक्त किंवा भेसूर चेहरा दिसला की बघणाऱ्याचा प्रश्न तिथंच मिटतो. रोजची वस्तू, पण एकच गोष्ट चुकलेली, तिथं माणूस थबकतो. एका ताटातली भाकरी अख्खी ठेवा, दुसऱ्यातली तोडलेली. दोन्हीकडचे पाट रिकामे.

फ्लेक्सवाला_जालना:
चेहरा नसला तर कोण थांबतं? मावशीचा चेहरा घ्याच.

मृण्मयी_लातूर:
दादा, म्हातारीचा अर्धा चेहरा काळ्यात ठेवला की चेटकीण दिसते. घोळ तिथंच आहे. हवा तर तांब्याच्या पाण्यात घ्या, पुसट. आणि फोटो कुठून घेतला होता? व्हिडिओतून?

सेलूकर:
हो, व्हिडिओतून फ्रेम काढली.

गोदाकाठ:
१९२० बाय १०८० ची आडवी फ्रेम २:३ मध्ये उभी कापली तर रुंदीला ७२० पिक्सेल उरतात. २४ इंचावर इंचाला ३० पडले, जवळून फुटणारच. ताटांचा फोटो वेगळा काढा. इंचाला १५० धरले तर ३६०० बाय ५४०० लागतील.

परभणीची_सई:
फेस्टिवलला पाठवणार असाल तर इंग्रजी सबटायटल आत्ताच करून ठेवा. आम्हाला त्यावरूनच परत पाठवलं होतं.

सेलूकर:
सबटायटल झालेत ताई. अक्षरं जुळली, गोदाकाठ, लई उपकार. काल रात्री माजघरात दोन ताटं मांडली, माळ्यावरून मोबाईलनं फोटो काढला, एकच बल्ब लावून. भाकरीवर मावशीच्या बोटांचे ठसे आलेत, ते पुसू का? नाव पांढरं केलं, लाल काढून टाकलं. सकाळी आईला दाखवलं तर तिनं भुताचं नाही विचारलं. म्हणाली, दुसरं ताट कुणाचं?

निळी_शाई:
ठसे पुसू नका. तेच ठेवा.

फ्लेक्सवाला_जालना:
छान आलं असंल. छापायच्या आधी फाइल सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार रंगांत करून घ्या आणि काळ्यात नुसता के (काळी शाई) शंभर टक्के नका ठेवू, बाकीचे रंगही थोडे मिसळा, नाहीतर काळं करडं येतं. फाइल आजच द्या, उद्या सकाळी लाइटीचा भरवसा नाही.